मदत हवी आहे: ८ ते १० वयाच्या मुलांना सेझान आणि स्थिरचित्राची ओळख कशी करून द्यावी?

रंगपेटी:
सुट्टीतला वर्ग, २० मुलं, दीड-दीड तासाची दोन सत्रं. साहित्य: पोस्टर कलर, ऑइल पेस्टल, ए३ कार्ट्रिज कागद. फ्रेंच चित्रकार पॉल सेझानची ओळख करून देऊन मुलांकडून स्थिरचित्र, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, करून घ्यायचं आहे. अडचणी अशा: चरित्र सांगायला लागलं की मुलं कंटाळतात. चित्राची प्रत समोर ठेवली की वीसही जण तीच टोपली काढतात. आणि ‘सावली द्या’ म्हटलं की लाल रंगात काळा कालवून सफरचंदाचा चिखल करतात. क्रम कसा ठेवावा?

कुंचला:
चरित्र दोन वाक्यांत उरका: १८३९ साली दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस गावी जन्म, १९०६ साली तिथेच मृत्यू. एका सफरचंदाने पॅरिसला थक्क करीन, असं तो म्हणाल्याचं सांगतात. मुलांना एवढं पुरतं.

मग थेट चित्र. ‘सफरचंदांची टोपली’ (सुमारे १८९३) शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठी प्रतिमा मोफत उतरवता येते. ए३ आकारात छापा आणि मुलांच्या हातात पट्टी द्या. टेबलाच्या पुढच्या कडेवर डावीकडून पट्टी ठेवून रेघ पुढे न्यायला सांगा. कापडाच्या पलीकडे ती कड जुळत नाही! बाटली कललेली आहे, हेही मुलंच शोधतील. आपण आधी सांगून टाकायचं नाही. दहा-बारा मिनिटांनी चित्र उलटं करून ठेवा आणि रंगवताना परत काढू नका. नक्कल तिथेच थांबते.

जुळत नाही ते का, हे तांब्यावर दाखवता येतं. उभं राहून पाहिलं तर तांब्याचं तोंड गोल दिसतं, खाली बसून डोळे काठाच्या पातळीला आणले की नुसती आडवी रेघ. मुलांना तांब्याचं पोट बसून काढू द्या आणि तोंड उभं राहून, एकाच कागदावर. सेझान एकाच चित्रात अशा वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेलं एकत्र आणतो, हे त्यांच्या हाताला कळतं. या कामाला वीस मिनिटं खुशाल द्या.

खळ_आणि_कापड:
मांडणीबद्दल. पाच-पाच मुलांचे चार गट, प्रत्येक गटाला वेगळी मांडणी. वस्तू फार नकोत: चार-पाच फळं, एक भांडं, एक कापड. फळं डोळ्यांच्या पातळीच्या बरीच खाली हवीत, म्हणजे मुलं खुर्चीवर आणि मांडणी बैठ्या टेबलावर किंवा पाटावर. पातळी सारखी झाली तर मागची फळं पुढच्यांआड लपतात आणि मुलं सगळं एका ओळीत काढतात.

कापड पांढरं, सुती, कडक खळ दिलेलं. मऊ कापडाच्या घड्या दुसऱ्या सत्रापर्यंत बसतात. त्याखाली एक-दोन पुस्तकं सरकवली की उंचवटा येतो. फळांखाली नाणी ठेवून ती हवी तशी कलवायची युक्ती खुद्द सेझानची. त्याला मांडणी करताना पाहणाऱ्या एका तरुण चित्रकाराने ती सांगितली आहे.

खिडकीचा उजेड एकाच बाजूने घ्या आणि वरची ट्यूब बंद करा, नाहीतर प्रत्येक फळाला दोन सावल्या पडतात. मेण लावलेली चकचकीत सफरचंदं टाळा. मुलं तेवढा पांढरा ठिपका रंगवून मोकळी होतात. सत्र संपताना कापडावर खडूने जागा आखा आणि प्रत्येक मुलाच्या बसण्याच्या जागेवरून फोटो घ्या.

कुंचला:
आता चिखलाचं. काळी बाटली मांडूच नका. बाह्यरेषा पातळ प्रशियन निळ्याने, पेन्सिल नको. पेन्सिलने काढलं की मुलं आतला भाग एकाच रंगाने भरून टाकतात. मग चपट्या ६ नंबरच्या ब्रशने वेगवेगळे पट्टे शेजारी-शेजारी: उजेडाकडे पिवळा, मग नारिंगी, लाल, क्रिमझन (गडद लाल), आणि सावलीच्या कडेला निळसर जांभळा. उबदार रंग पुढे येतात, थंड मागे सरतात. त्यावरच फळ गोल दिसतं. पट्टे घासायचे नाहीत, टेकवून उचलायचे.

रंग सायीइतका दाट ठेवा. शेजारचा पट्टा ओला असताना लालाला हिरवा लागला की तपकिरीच होणार. म्हणून एका फळावर दोन पट्टे, मग दुसऱ्या फळाकडे, तोवर पहिलं वाळतं. कापडाच्या सावलीतही निळा आणि किंचित गेरू. ऑइल पेस्टल वापरायचे तर रंगकाम वाळल्यानंतर, थोडेच. मेणकट थरावर पोस्टर कलर धरत नाही.

रंगपेटी:
फार उपयोगी. एक शंका: यातली काही मुलं पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतील. वाकडा तांब्या काढायला शिकवला तर तिथे घोळ होईल का, असं पालक विचारतात.

खळ_आणि_कापड:
परीक्षेत तांब्या एका जागी बसून, काठाचं लंबवर्तुळ दोन्ही बाजूंना सारखं येईल असा काढायचा असतो. पालकांना दाखवायला पहिल्या सत्रातच एक कागद तसा करून घ्या: उभी मध्यरेषा, तिच्या दोन्हीकडे सारखं अंतर. पाठोपाठ दुसऱ्या कागदावर दोन जागांवरून पाहिलेला तांब्या. दोन्हींच्या मागे ‘एक जागा’, ‘दोन जागा’ असं लिहायला लावा. जे मूल मध्यरेषा चुकवतं त्याचा तांब्या दुसऱ्या कागदावर नुसता कोसळलेला दिसतो, तेव्हा त्याच्याकडून पहिला कागद पुन्हा करून घ्या आणि मगच रंग द्या.