पुलालाच वजनकाटा बनवला तर?

सावर्डेकर
परवा उसगाव-तिस्कला अर्धा तास उभा होतो, खडीचे टिपर एकामागून एक, ताडपत्रीच्या वर ढीग आणि मागचे टायर बसलेले. रस्त्यात काटा लावला की पाच मिनिटांत ड्रायव्हरांच्या ग्रुपवर खबर जाते आणि सगळे आतल्या रस्त्याने पसार. म्हणून म्हणतो पुलालाच काटा बनवा. गर्डरच्या (पुलाखालच्या तुळईच्या) पोटाला स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणाऱ्या पट्ट्या, चिकटवायचे, गाडी वरून गेली की गर्डर किती ताणला ते मोजायचं, त्यावरून उलटं गणित करून एकेका एक्सलचं वजन काढायचं. फ्रेड मोझेस नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकानं हे १९७९ लाच मांडलंय. आपल्याकडे १९८६ ला पणजीत मांडवीचा पूल पडला, २०१६ ला महाडला सावित्रीचा, अजून किती बघायचे?

गर्डरखालचा
मांडवीचा पूल केबल गंजून गेला आणि सावित्रीचा पुरात, दोन्हीत ट्रकच्या वजनाचा काय संबंध रे? भीती घालून मुद्दा जिंकू नकोस. आता तुझं उलटं गणित. वजन माहीत असेल तर पूल किती वाकेल ते सांगणं सोपं, पण वाकण्यावरून वजन काढायला गेलं की मोजणीतली बारीकशी चूक उत्तरात फुगून येते. दोन एक्सल सव्वा मीटरवर आणि गाळा (दोन खांबांमधलं अंतर) तीस मीटरचा असला तर गर्डरला ते दोन वेगळे कळतच नाहीत, बेरीज बरोबर येईल पण पुढच्यावर नऊ टन नि मागच्यावर बारा की उलट, ते सांगणं कठीण. त्यात शेजारच्या लेनमधून कदंबची बस गेली की गेलं सगळं. शिवाय धावता ट्रक उसळत असतो, पुलाच्या तोंडाशी खड्डा असला (आपल्याकडे कुठे नसतो) की एक्सलचा भार क्षणाक्षणाला वर-खाली होतो, आणि दंडाला हवं उभ्या गाडीचं वजन. कोर्टात वकील टिकू देणार नाही.

टिपरवाला
दंड माहितीय का किती? ओव्हरलोडला वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. तो पुलाच्या अंदाजावर लावणार? २०१८ ला सरकारनंच चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली, पूल मात्र तेच जुने. ते विचारा आधी. माल भरतो क्रशरवाला, किती भरायचा ते ठरवतो मालक, रस्त्यात अडवणार ड्रायव्हरला.

पर्वरीची पोर
क्रशरवरच काटा असतो ना, तिथली पावती बघा की. पूल-बिल कशाला.

सावर्डेकर
क्रशरची पावती म्हणे! कुंपणच शेत खातंय तिथं.
टिपरवाला बाब, पुलाच्या आकड्यावर दंड लावा असं मी म्हणालो नाही, पूल फक्त बोट दाखवणार, संशयित गाडी पुढे खऱ्या काट्यावर घ्यायची. आणि मी पणजीच्या अटल सेतूचं बोलतच नाहीये, तिथं एका वेळी गाड्यांची रांग असते, कोणाचं वजन कोणाचं ते कसं ओळखणार. गावातला साकव घ्या, सात-आठ मीटरचा, स्लॅबचा. वर एका वेळी एकच ट्रक येतो, एक्सलचे उंचवटे आलेखात बऱ्यापैकी सुटे दिसतात. आधी वजन केलेला ट्रक दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या स्पीडनं दहा-बारा वेळा न्यायचा आणि त्यावरून हिशेब बसवायचा, झालं.

गर्डरखालचा
साकवावर जमेल, चाळणी म्हणून ठीक. मला खरा फायदा वेगळाच दिसतो. हजारो गाड्यांचे आकडे जमले की एकेकीची चूक बरीचशी एकमेकीत जिरते आणि त्या रस्त्यावर खरोखर काय धावतंय ते कळतं, आपण पूल तपासतो ते कोडमधल्या (पूल बांधायच्या नियमावलीतल्या) कागदी ट्रकवर. पण 'झालं' म्हणू नकोस. मे महिन्यातल्या दुपारी आणि जुलैच्या पावसात तोच स्लॅब वेगळा वागतो, एकदा बसवलेला हिशेब वर्षभर पुरत नाही. गेजच्या वायरीत पाणी शिरलं की बघायला कोण येणार? उद्घाटनाला सगळे येतील.

टिपरवाला
हिशेब बसवायला टिपर मी देतो, काट्यावर वजन करून. डिझेल कोण घालणार ते आधी बोला.