औषधं चालू आहेत, पण पाय थांबत नाहीत : तुमचे अनुभव लिहा

मानसिक आजाराच्या औषधांनी मन सावरतं, पण कुणाचे हात थरथरू लागतात, कुणाची मान वाकडी होते, कुणाला एका जागी बसवत नाही. तपासणीच्या पाच मिनिटांत हे सांगायचं राहून जातं आणि घरच्यांना वाटतं, आजारच बळावला. तुमच्या बाबतीत काय झालं, कशाने उतार पडला, ते लिहा. फक्त वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. सुरुवात मी करते.

मला हॅलोपेरिडॉल हे भास कमी करणारं औषध सुरू झालं. कानातले आवाज कमी झाले, पण तिसऱ्या दिवशी पायांत काहीतरी शिरलं. दुखणं नाही, मुंग्या नाहीत. बसलं की उठावंसं वाटे, चालल्यावर जरा बरं, थांबलं की पुन्हा तेच. पलंगापासून दारापर्यंत चौदा फरशा होत्या. रात्रभर त्यांवरून जात-येत होते. 'पेशंट अस्वस्थ' अशी नोंद झाली, डोस वाढला आणि त्रास दुप्पट झाला. त्या दोन रात्री मला जगणं नको झालं होतं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "घालमेल मनात होते की पायांत?" "पायांत." डोस उतरवला, जोडीला प्रोप्रानोलॉल दिलं, आणि चार दिवसांनी मी पूर्ण जेवण होईपर्यंत बसून राहिले. याला अकॅथिसिया म्हणतात, 'बसता न येणं' या अर्थाचं ग्रीक नाव. ते हाश्कोवेत्स या झेक डॉक्टरांनी १९०१ च्या सुमाराला दिलं, म्हणजे ही औषधं येण्याच्या पन्नासेक वर्षं आधी. घालमेलीत जीव द्यावासा वाटला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच रात्री मदत मागा.

*

माझ्या धाकट्या भावाचं औषध सुरू होऊन दुसराच दिवस होता. संध्याकाळी त्याची मान एका बाजूला ओढली गेली, डोळे वर गेले, जबडा आवळला. आम्हाला फिट वाटली, पण तो पूर्ण शुद्धीत होता, घाबरून माझा हात घट्ट धरून होता. तातडीच्या विभागात प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली. तरुण मुलांमध्ये पहिल्या काही दिवसांत हे जास्त होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमची ती संध्याकाळ वेगळी गेली असती.

*

माझी सही बारीक झाली. बँकेने दोनदा परत पाठवलं. चेहरा कोरा, चालताना उजवा हात हलत नव्हता, शर्टाचं वरचं बटण लावायला मुलगी लागायची. माझ्या रिस्पेरिडोन या औषधामुळे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम अडतं, म्हणून पार्किन्सनसारखं (कंपवातासारखं) दिसतं, एवढं मला कळलं. ट्रायहेक्सिफेनिडिलने हात सुटला, पण तोंड कोरडं, बद्धकोष्ठ आणि विसराळूपणा आला. काही महिन्यांनी डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू काढली. जुन्या वहीतली सही आणि आजची सही शेजारी ठेवून दाखवा, खूप काही कळतं.

*

लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधावर आहे. हाताला बारीक कंप आहे, ग्लास अर्धाच भरते, तेवढं चालतं. पण एकदा जुलाब-उलट्या झाल्या, कंप मोठा झाला, पाऊल अडखळू लागलं. रक्तातली लिथियमची पातळी वाढली होती. असं झालं तर तडक दवाखाना गाठा. आणि कुठल्याही गोळीवर ताप, अंग ताठर आणि बरळणं एकत्र दिसलं तरीही.

*

आईला पंधरा वर्षं औषधं चालू आहेत. ओठ चघळल्यासारखे हलायचे, जीभ मधेच बाहेर यायची. मी तिला दोनतीनदा रागावले, "आई, तोंड बंद ठेव ना." तिला स्वतःला कळतच नव्हतं. ती दूरदर्शन बघत असताना चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तिला गुडघ्यांवर हात ठेवून बसवलं, तोंड उघडायला सांगितलं, बोटं टेकवायला लावली, सगळं लिहून घेतलं. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात, म्हणजे बराच काळ औषधं घेतल्यावर सुरू होणाऱ्या, आपोआप होणाऱ्या हालचाली. वर सहीबद्दल लिहिणाऱ्यांना लागू पडलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी यात उपयोगी नाही, उलट वाढू शकतं. एकदम औषध थांबवलं तरी हालचाली उसळतात, शिवाय आजार परततो. औषध बदलून क्लोझापिन दिलं, नंतर टेट्राबेनाझिन. यासाठी व्हॅल्बेनाझिन आणि ड्युटेट्राबेनाझिन २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आहेत. आईचे ओठ पूर्ण थांबले नाहीत, पण आता तिचं जेवण सांडत नाही. रागावले याची खंत मात्र जात नाही.

*

ताई, पहिला अनुभव वाचून उठून उभी राहिले. चार आठवडे झाले, मी सगळ्यांना 'टेन्शन आहे' असंच सांगतेय. उद्या सकाळी अकराला भेट आहे. कागदावर लिहून ठेवलंय : पायांत.