पाळलेल्या सापाला जिवंत उंदीर द्यायचा की मेलेला?

माळरान
माझ्या भाच्याकडे बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) आहे. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदणी केलेला आहे, त्यामुळे कायद्याचा वाद नको (आपल्याकडचे देशी साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरात ठेवताच येत नाहीत, हे मलाही माहीत आहे). माझा प्रश्न खाण्याचा आहे. तो दुकानातून जिवंत पांढरा उंदीर आणतो, टबात सोडतो, झाकण लावतो आणि कॉलेजला निघून जातो. माझं स्पष्ट मत आहे की हे बंद व्हायला हवं. जंगलात उंदराला निदान बिळ असतं, पळायला जागा असते, इथे बंद डब्यात तो घाबरून कोपऱ्यात बसतो आणि सापाला भूक नसेल तर तासन् तास तसाच बसून राहतो. साप पाळायचं ठरवलं की त्याच्या पोटात जाणाऱ्या जिवाची जबाबदारीही आपलीच. परदेशात सर्रास फ्रोझन उंदीर देतात, मग इथे का नाही?

सह्यकडा
ताई, कळवळा समजतो पण पटत नाही. फ्रोझन इथे गल्लोगल्ली मिळत नाही, दुकानदार जिवंतच विकतो. मग मारायचा कोणी? लोक काय करतात माहितीये का, जिवंत उंदीर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकतात नाहीतर शेपटी धरून भिंतीवर आपटतात, आणि पहिल्या फटक्यात मेला नाही तर परत आपटतात. ह्याला दया म्हणायची? त्यापेक्षा साप झटपट मारतो. २०१५ मध्ये बोआवर (हाही वेटोळ्यात आवळून मारणारा साप) अमेरिकेत संशोधन झालं त्यात दिसलं की वेटोळं आवळल्यावर काही सेकंदांतच उंदराचं रक्ताभिसरण कोलमडतं, गुदमरायची वेळच येत नाही. आणि माझा पायथन मेलेल्याला तोंड लावत नाही, करू काय?

थेम्सकाठ
मी लंडनला असते, आमच्याकडे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक दोन्ही आहेत, दोघंही फ्रोझनवर. ते संशोधन मीही वाचलंय. ते उंदीर भूल दिलेले होते आणि घड्याळ सुरू होतं वेटोळं पडल्यापासून. त्याआधी उंदीर डब्यात जेवढा वेळ थरथरतो तो त्यात कुठे मोजलाय? पकड चुकली, मागून धरलं तर काय होतं तेही त्यात नाही.

आता खात नाही त्याबद्दल. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, थंडगार उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. आदल्या रात्री बंद पिशवीत फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात वितळू द्या, द्यायच्या आधी पिशवीसकट गरम पाण्यात ठेवा, अंग उंदराच्या अंगाइतकं म्हणजे ३८ अंशांच्या आसपास कोमट झालं पाहिजे, मधे बर्फ राहता कामा नये. मायक्रोवेव्ह अजिबात नको, एकीकडे शिजतो, एकीकडे गार राहतो, पोट फुटतं. मग लांब चिमट्याने धरून हळू हलवायचा, हातात धरून कधीच नाही. जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, फार मोठा नको. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतो. मोठा, धडधाकट बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन् महिने खात नाही, वजन टिकून असेल तर घाबरून लगेच जिवंत उंदीर आणायची गरज नसते.

सह्यकडा
माहिती चांगली आहे, पण ती तुमच्या घरातली. माझ्या घरी आई-आजी शाकाहारी, एकच फ्रीज, त्यात दुधाशेजारी मेलेला उंदीर ठेवू म्हणता? लाइट तासन् तास जाते, वितळून परत गोठलेला उंदीर सापाला घालू? आणि खरं सांगायचं तर तुमचा फ्रोझन उंदीरही कुठेतरी पिंजऱ्यातच वाढला आणि कोणीतरी मारलाच ना. तुम्हाला तो मरताना दिसला नाही एवढंच.

औषधपेटी
प्राण्यांचा डॉक्टर म्हणून लिहितो. सह्यकडा यांचा शेवटचा मुद्दा रास्त आहे, उंदीर कसा मारला हे विचारायलाच हवं. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत उंदीर मारण्यासाठी कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमधून हळूहळू सोडायला सांगितलंय, मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के. घरी व्हिनेगर-सोडा मिसळून हा वायू काढला तर ते साधत नाही. नवजात पिल्लं तर ह्या वायूला बराच वेळ दाद देत नाहीत, त्यामुळे लहान आहे म्हणजे लवकर मरेल हा समज चुकीचा. जिवंत फ्रीझरमध्ये टाकणं निव्वळ क्रूरपणा आहे.

पण दवाखान्यात येतात ते साप बघा. रात्रभर उंदीर आत ठेवलेला, सापाला भूक नव्हती, उंदराला होती. पाठीचं मांस मणक्यापर्यंत कुरतडलेलं, डोळा गेलेला, जखमेत पू. हा माणसाच्या सोयीचा परिणाम आहे. जिवंत द्यायचाच असेल तर समोर बसा, उंदरासाठी दाणा-पाणी ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांत सापाने धरला नाही तर बाहेर काढा. घरातला किंवा शेतातला पकडलेला उंदीर नको, त्याच्या पोटात विष असू शकतं, अंगावर परजीवी असतात. आणि फ्रोझन म्हणजे निर्जंतुक नव्हे. थंडीने साल्मोनेला हा जुलाब लावणारा जंतू मरत नाही, ब्रिटनमध्ये फ्रोझन उंदरांमुळे माणसं आजारी पडली आहेत. त्यामुळे आईच्या फ्रीजबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, वेगळा छोटा फ्रीझर घ्या, ओट्यावर काही करू नका, साबणाने हात धुवा.

पाऊलवाट
मधेच विचारते, चिकनचे तुकडे घातले तर चालणार नाही का?

औषधपेटी
नाही. सापाला अख्खं भक्ष्य लागतं, हाडातलं कॅल्शियम, यकृतातली जीवनसत्त्वं सगळं त्यातूनच मिळतं. नुसत्या मांसावर हाडं ठिसूळ होतात.

बांधावरून
मी सांगली भागात साप सोडवायला जातो. माझं म्हणणं कोणालाच आवडणार नाही. घाना-टोगोकडचा साप पुण्याच्या फ्लॅटमध्ये टबात ठेवायचा आणि मग त्याला दयाळूपणे कसं खायला घालायचं ह्यावर चर्चा, मुळात ठेवायचाच कशाला? आपल्याकडे नागपंचमीला गारुडी नागाला उपाशी-तहानलेला ठेवून दूध पाजायचे, दूध फुप्फुसात जाऊन नाग मरायचे, आणि लोक श्रद्धेने पैसे टाकायचे. बत्तीस शिराळ्यातला जिवंत नागांचा खेळ कोर्टाने थांबवला तेव्हाही हौस आणि परंपरा हीच कारणं पुढे आली होती. आता तर जिवंत उंदीर सोडून रील काढतात. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात केवळ मनोरंजनासाठी प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं गुन्हा आहे, हे रीलवाल्यांनी वाचावं.

माळरान
दादा, नवीन साप आणूच नये हे मला मान्य आहे आणि भाच्यालाही तेच सांगितलंय. पण जो आहे तो आहे. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. त्याला सह्याद्रीत नेऊन सोडणं बेकायदा आणि त्याच्याही जिवावर बेतणारं. त्यामुळे पुढच्या खेपेला त्याला काय घालायचं हा प्रश्न उरतोच.

सह्यकडा
रील काढणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही, मी समोर बसून घालतो आणि उंदीर आत ठेवून उठत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली वेळेची मर्यादा आजपासून पाळणार. कोमट करून चिमट्याने द्यायचाही प्रयत्न करतो, पुण्यात नीट मारलेले फ्रोझन उंदीर कोणी देत असेल तर सांगा. पण हाताशी तसा पुरवठा नसताना, ज्याला मारता येत नाही त्याने घरी उंदीर मारावा, हे मी मानणार नाही. अर्धवट मारण्यापेक्षा साप बरा.

थेम्सकाठ
अर्धवट मारू नये हे बरोबरच. पण मग साप विकणाऱ्यालाच विचारा ना, विकताना पैसे मोजून घेतले, तो फ्रोझनवर खातो का हे सांगितलं का, पुढचं खाणं कुठून येणार ते सांगितलं का? फ्रोझनवर खाणारंच पिल्लू घेईन असं गिऱ्हाईक म्हणायला लागलं की दुकानात फ्रीझर येईल. इथे पेट शॉपमध्ये फ्रीझर असतोच.

बांधावरून
किंवा गिऱ्हाईकच येऊ नये.