नाशिकच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही

विषय: आईबाबांच्या घरचं वायफाय, सल्ला हवा
प्रेषक: आइंडहोवन (माहेर गंगापूर रोड)

नमस्कार मंडळी,

प्रश्न घरगुती आहे, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांचे आईवडील नाशिकला दोघंच राहतात. त्यामुळे उत्तर मिळालं तर ते अनेकांच्या कामी येईल, म्हणून आपल्या नेदरलँड्समधल्या नाशिककरांच्या ईमेल यादीवर टाकतेय.

गंगापूर रोडला आमचा जुना बंगला आहे, खाली एक मजला आणि वर एक. फायबरची लाइन खाली दर्शनी हॉलमध्ये आली आहे आणि राउटर टीव्हीच्या शोकेसमागे ठेवलाय. हॉलमध्ये सगळं झकास चालतं. आईबाबांची झोपायची खोली मात्र वर, मागच्या बाजूला. मी कामावरून सुटते तेव्हा तिथे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, जेवणं उरकून दोघं वर गेलेली असतात. व्हिडिओ कॉल लावला की चित्र अडकतं, आवाज तुटतो आणि मग बाबा गुडघा धरत जिना उतरून हॉलमध्ये येतात. रोज रात्री हे नको वाटतं. वर आईच्या मोबाइलला रेंजही धड नसते, कधी काही झालं तर फोन कसा लावणार, ही खरी काळजी आहे.

इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन गेला. 100 एमबीपीएसचा प्लॅन 300 चा करा म्हणाला. करावा का?

विषय: उत्तर: आईबाबांच्या घरचं वायफाय
प्रेषक: द हेग (सासर इंदिरानगर)

अगं, प्लॅन वाढवायच्या आधी एक एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारा छोटा डबा, लावून बघ. इंदिरानगरला माझ्या जावेच्या फ्लॅटमध्ये आम्ही तेच केलं. प्लगमध्ये खोचायचा, फोनवरून जोडायचा, झालं. तिच्या मागच्या बेडरूममध्ये आता छान दिसतं सगळं. भिंत फोडायला नको, वायर नको. आईबाबांना सांभाळायलाही सोपं.

विषय: उत्तर: उत्तर: आईबाबांच्या घरचं वायफाय
प्रेषक: उट्रेख्त (नाशिकरोड)

ताई, काकू, नमस्कार.

नेटवर्किंग हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लॅन वाढवू नका, हे आधी सांगतो. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुष्कळ झाले. हॉलमध्ये 100 चा प्लॅन नीट मिळतोय, म्हणजे रस्त्यावरून घरात येणारी लाइन चोख आहे. अडतंय ते हॉल आणि वरची खोली यांच्या मध्ये, आणि 300 चा प्लॅनही तिथेच अडेल. खात्री करायची असेल तर बाबांना राउटरजवळ उभं राहून स्पीड टेस्ट करायला सांगा आणि मग तीच वर जाऊन. खालीसुद्धा आकडा पडला तर कंपनीकडे तक्रार करा. खाली भरपूर आणि वर नाही, तर कारण घराच्या बांधणीत आहे.

आपल्याकडचे असे बंगले भक्कम. बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या, डोक्यावर आरसीसी स्लॅब, त्यात सळ्यांची जाळी, वर फरशीखालचा थर. संडास-बाथरूमच्या जागी स्लॅब खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरलेले आणि पाण्याचे पाइप. राउटर दोन पट्ट्यांत सिग्नल सोडतो, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, 5 गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. आखूड लहर वीट-काँक्रीटमध्ये लवकर मुरते. त्यामुळे वेगवान 5 गिगाहर्ट्झ स्लॅबखालीच संपतो आणि वर रडतखडत पोचतो तो 2.4. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे सिग्नलच्या मार्गिका, तीनच, 1, 6 आणि 11. शेजारपाजारचे सगळे राउटरही त्यातच दाटीवाटीने बसलेले असतात.

फोनवरच्या काड्यांवर जाऊ नका. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप टाका. त्यात सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दिसते, उणे आकड्यात. उणे 50 म्हणजे उत्तम. उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने होतो. उणे 80 म्हणजे चित्र अडकणारच. 67 आणि 80 मधला तेरा डेसिबलचा हा फरक दिसायला किरकोळ, पण ताकद विसाव्या हिश्श्यावर येते. आईबाबा प्रत्यक्ष जिथे बसतात तिथला आकडा घ्या, पलंगाच्या डोक्याशी, आईच्या खुर्चीपाशी. खोलीच्या दारातला आकडा उपयोगाचा नाही.

फुकटात होणारी गोष्ट आधी करा. टीव्हीच्या मागे राउटर ही सगळ्यात वाईट जागा, टीव्हीच्या पाठीत धातूचा पत्रा असतो. शोकेसमध्ये पितळी भांडी, स्टीलच्या ट्रॉफ्या असतील तर त्याही आड येतात. राउटर बाहेर काढून भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, जिन्याच्या बाजूला लावून घ्या. उभा अँटेना आडवा पसरतो, थेट वर-खाली त्याचा जोर कमी पडतो. दोन-तीन अँटेना असतील तर त्यातला एक आडवा करा. फायबरची बारीक वायर मात्र जपून सरकवा, आत काच असते, कडक वळण दिलंत तर प्रकाश गळतो. तिचं हिरव्या टोकाचं कनेक्शन बाबांनी उगाच उपसू नये, टोकाला धुळीचा कण बसला तरी लाइन बिघडते.

आता एक्स्टेंडर. काकू, तुमच्या जावेच्या फ्लॅटमध्ये तो चालला कारण तिथे सगळ्या खोल्या एका पातळीवर आहेत, मध्ये पातळ भिंती, आणि वाटेत चांगला सिग्नल मिळणारी जागा सापडते. एक्स्टेंडर स्वतः काही निर्माण करत नाही, जे ऐकू येतं तेच पुढे बोलतो. साधा असेल तर ऐकणं आणि बोलणं एकाच रेडिओवर, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. ताईंच्या घरी हॉल आणि वरची खोली यांच्या मधोमध स्लॅबच आहे. वर लावला तर त्याला मुळातच अर्धमेला सिग्नल मिळणार. जिन्याच्या लँडिंगवर लावलात तर थोडं जमेल, कारण वर जायला मोकळी वाट तेवढीच. वायरविना चालणाऱ्या मेश संचालाही, म्हणजे घरभर ठेवायच्या एकमेकांशी जोडलेल्या डब्यांनाही, हाच नियम.

जास्त ताकदीचा राउटर घ्या असंही कोणीतरी सांगेल. त्याने काम होत नाही. राउटर मोठ्याने ओरडला तरी फोनचा आवाज बारीकच, ओसरीतल्या माणसाने हाक मारली आणि माडीवरच्या आजीचं उत्तर त्याला ऐकूच आलं नाही, तसं होतं. बोलणं दोन्हीकडून पोचायला हवं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हॉलमधून वरच्या खोलीपर्यंत एक नेटवर्क केबल न्यायची आणि वर दुसरं वायफाय उभं करायचं. स्लॅब ओलांडायचं काम तांब्याकडे द्या, हवेकडे नको. एकदा झालं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही, आणि वयस्कर माणसांच्या घरात हेच सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही इथून रोज फोनवर राउटर चालू-बंद करायला सांगत बसणार का?

विषय: वायर कुठून न्यायची?
प्रेषक: आइंडहोवन

दादा, इतकं नीट समजावलंत, मनापासून आभार. बाबांनी आकडे पाठवले. हॉलमध्ये उणे 42, वर पलंगापाशी उणे 81. राउटर बाहेर काढून जिन्याकडे लावल्यावर वर उणे 76 आला. फरक आहे, पण कॉल अजून अडकतोच.

अडचण वायरची. नुकताच घराला रंग झालाय आणि बाबा भिंतीला छिन्नी लावू देणार नाहीत. बाहेरून केबल लोंबकळत ठेवणं आईला पसंत नाही. गच्चीवर जुनी डिश आहे, आता बंद. तिची केबल गच्चीवरून भिंतीतल्या पाइपमधून आधी वरच्या खोलीतल्या टीव्ही पॉइंटला आणि तिथून खाली हॉलमध्ये येते. तिचा काही उपयोग?

विषय: उत्तर: वायर कुठून न्यायची?
प्रेषक: अ‍ॅम्स्टेलव्हीन (जुने नाशिक)

मध्येच लिहितोय, पण वाड्यांची गोष्ट वेगळी असते म्हणून. जुन्या नाशकात आमच्या वाड्याच्या भिंती हातभर रुंद आहेत, दगड-विटा आणि माती. तळमजल्यावरून माडीवर सिग्नल उत्तम जातो, कारण मध्ये लाकडी तक्तपोशी आहे, लाकडाला वायफाय फारसं जुमानत नाही. पण शेजारच्या खोलीत जायचं म्हटलं की मेला. आम्ही राउटर चौकाकडे उघडणाऱ्या ओसरीत आणला. आता चौकाभोवतीच्या सगळ्या खोल्यांना दारा-खिडक्यांतून सिग्नल मिळतो. ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी आधी चौक बघावा.

विषय: उत्तर: उत्तर: वायर कुठून न्यायची?
प्रेषक: उट्रेख्त

ताई, डिशचा पाइप म्हणजे आयती वाट. भिंत फोडायची गरजच नाही.

ती जुनी केबलच ओढणीची दोरी म्हणून वापरायची. हॉलमधल्या पॉइंटची प्लेट उघडायची, जुन्या केबलचं टोक मोकळं करायचं आणि नव्या कॅट-6 प्रकारच्या नेटवर्क केबलचं टोक त्याला बांधायचं. दोन्ही टोकं एकाशेजारी एक ठेवून चिकटपट्टी गुंडाळली तर जाड गाठ होते आणि पाइपच्या वळणात अडकते. टोकं थोडी मागे-पुढे ठेवा, पट्टी निमुळती गुंडाळत न्या, वर हलकी टाल्कम पावडर लावा. एकाने वरच्या पॉइंटपाशी सावकाश ओढायचं, दुसऱ्याने खालून केबल सरळ सोडत राहायची. अडलं तर हिसका नको, थोडं मागे घेऊन पुन्हा. पाइप भिंतीत कुठे दबला असेल तर मात्र वायरमनची पाइपमधून वायर ओढायची स्प्रिंग लागेल. 230 व्होल्टच्या वायरी ज्या पाइपमधून जातात त्यात ही केबल घालू देऊ नका, वायरमन कितीही म्हणाला तरी. तो धोका आहे.

केबल विकत घेताना बघा. बाजारात सीसीए नावाची स्वस्त केबल भरपूर मिळते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. टोकाची तार ब्लेडने खरवडायची. आत पांढुरकी निघाली तर परत करा, शेवटपर्यंत तांबूस राहिली तर घ्या. एमजी रोडला खऱ्या तांब्याची मागितली तर मिळते, जरा महाग पडते. एकसंध 100 मीटरपर्यंत ही केबल चालते, घरासाठी विचारसुद्धा करायला नको.

टोकांना क्रिंपिंग, म्हणजे प्लग दाबून बसवण्याचं काम, करणाऱ्याला रंगांचा क्रम लिहून द्या, दोन्हीकडे सारखाच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा बसल्या पाहिजेत. चारच जोडल्या तरी नेट चालू होतं, पण वेग 100 वर अडकतो, आणि पुढे कधी प्लॅन वाढवलात तर कोणाच्या लक्षातही येणार नाही कुठे अडतंय ते.

वर दुसरा साधा ड्युअल-बँड (दोन्ही पट्ट्यांचा) राउटर चालेल, फक्त तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, म्हणजे तो नुसतं वायफाय देईल, पत्ते वाटणार नाही. हे विसरलं की दोन्ही राउटर आपापले पत्ते वाटायला लागतात आणि मग प्रिंटर, कॅमेरा एकमेकांना सापडत नाहीत. नाव आणि पासवर्ड खाली-वर एकच ठेवा म्हणजे आईबाबांना फोनमध्ये काही निवडावं लागणार नाही. 2.4 साठी खाली चॅनल 1, वर 11, रुंदी 20 मेगाहर्ट्झ. खालच्या राउटरची 2.4 ची ताकद मध्यम करा, नाहीतर फोन वर गेल्यावरही खालच्यालाच धरून बसतो.

आणि वीज. आपल्याकडे पहिल्या वादळी पावसात वीज जाते, तेव्हाच फोनची गरज जास्त असते. दोन्ही डब्यांचे, म्हणजे खालच्या-वरच्या राउटरचे, प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. नसेल तर 12 व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे राउटरपुरता बॅटरीचा डबा, मिळतो, पण अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच. नुसता वरचा चालू राहून उपयोग नाही, खालचाही जिवंत हवा.

हे झालं की आईच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. मोबाइलची रेंज नसली तरी वायफायवरून नेहमीच्या नंबरवरून साधा फोन लागतो. तुमच्या काळजीचं खरं उत्तर मला यात दिसतं.

विषय: काम झालं
प्रेषक: आइंडहोवन

मंडळी,

केबल वर गेली. एका वळणाला अडकली होती, वायरमनने वरून स्प्रिंग टाकून काढली. रंगाला ओरखडाही नाही, त्यामुळे बाबा खूश. वर पलंगापाशी आता उणे 48, तेही 5 गिगाहर्ट्झवर. काल आई पलंगावर बसूनच नातीशी अर्धा तास बोलली, बाबा शेजारी पेपर वाचत होते. वायफाय कॉलिंगही चालू झालं, आईने त्यावरून मावशीला फोन लावून पाहिला.

दादा, एक विचारायचं राहिलं. 2027 च्या सिंहस्थासाठी तिकडे रस्त्यांची कामं चालली आहेत. लाइन बंद पडली तर बाबांनी काय बघायचं?

विषय: उत्तर: काम झालं
प्रेषक: उट्रेख्त

फार बरं वाटलं वाचून.

फायबरच्या डब्यावर एलओएस (लॉस ऑफ सिग्नल, सिग्नल तुटला) लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला तर बाहेर फायबर तुटलंय किंवा निखळलंय. घरातलं काही हलवायचं नाही, रीसेटचं बटण तर अजिबात दाबायचं नाही, सरळ तक्रार नोंदवायची. लाल नसेल आणि तरी नेट नसेल तर आधी खालचा डबा बंद करून चालू, तो पूर्ण सुरू झाल्यावर वरचा. एवढं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून राउटरशेजारी चिकटवायला सांगा.

आणि त्या वायरमनचा नंबर मला वेगळ्या मेलवर पाठवा. नाशिकरोडला आमच्या घरी हेच करून घ्यायचंय, यादीवर अजून दोघांनी विचारलंय.