खडकातून निघणारे पांढरे दोरे: हा कुठला प्राणी?

कोपरखैरणेकरीण
दिराची बंगळुरूला बदली झाली आणि त्याचा 200 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक माझ्या गळ्यात पडला. मासे मजेत आहेत. पण उजवीकडच्या लाइव्ह रॉकवरून (म्हणजे जिवंत जीवजंतू वसलेल्या समुद्री खडकावरून) कोळिष्टकासारखे पांढरे दोरे तरंगतात, खाणं टाकलं की जास्तच. शेजारचे हिरवे झोआ (प्रवाळांचे भाऊबंद, फुलासारखे उघडणारे छोटे प्राणी) मिटूनच असतात. दुकानदार म्हणतो, खडक काढून उकळा. उकळू का?

ऐरोलीकर
स्पॅगेटी वर्म दिसतोय. तळाचं उष्टं-खरकटं खातो, त्रास काही नाही. राहू द्या.

घोडबंदरचा खारा
ताई, उकळायचं आधी डोक्यातून काढा! झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. खडक उकळताना ते वाफेबरोबर घरभर पसरतं. अशाने अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेली आहेत.

ऐरोलीकर, झोआ मिटलेत म्हणून मला शंका येते. ताई, पिपेटने दोऱ्यावर हलकेच पाणी मारून बघा. स्पॅगेटी वर्म असेल तर दोरा म्हणजे त्याचा जिवंत अवयव, लगेच आखडून भोकात जाईल. वर्मेटिड गोगलगाय असेल तर दोरा नुसता हेलकावेल. ती चिकट स्रावाची जाळी असते. तिच्यात अन्नाचे कण अडकले की गोगलगाय जाळीच आत ओढून गिळते. बुडही तपासा: वर्मची नळी मऊ, वाळू चिकटलेली, वर्मेटिडची चुन्याची, टणक.

कोपरखैरणेकरीण
आखडत नाही. नळी कडक आहे, टोक बोटाला चांगलंच बोचलं.

घोडबंदरचा खारा
मग वर्मेटिडच. जाळी अंगावर येते म्हणून झोआ उघडत नाहीत. जखम साबणाने धुवा आणि ती भरेपर्यंत टँकमध्ये हात नको. नंतरही हातमोजे आणि चष्मा घालूनच. चिमट्याने नळी बुडापासून मोडा. जिथे चिमटा पोचत नाही तिथे नळीच्या तोंडावर सुपरग्लूचा थेंब, पण जेलवाला. पातळ ग्लू पाण्यात पसरतो. पावडरचं खाणं आणि फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) कमी करा, त्यावरच ही मंडळी पोसतात. आणि वैतागून तो खडक वाशीच्या खाडीत टाकू नका, प्लीज.

ऐरोलीकर
बंबलबी गोगलगायी आणल्या तर?

घोडबंदरचा खारा
कधी वर्मेटिड खातात, कधी ढुंकूनही बघत नाहीत. दुकानदार मात्र हमखास गळ्यात मारतो. चिमटा स्वस्त पडेल.