प्रवासासाठी छोटा, हलका, स्वस्त लॅपटॉप : नवा कोरा घ्यावा की वापरलेला?

पायवाट

नमस्कार मंडळी. कामामुळे सतत फिरतीवर असतो, ट्रेन, बस, कधीकधी विमान. सध्याचा लॅपटॉप 15 इंची आहे, अडीच किलोच्या आसपास वजन आणि वर चार्जरची वीट वेगळी, खांदा अक्षरशः भरून येतो. म्हणून फक्त प्रवासापुरता एक छोटा लॅपटॉप घ्यायचाय. काम काय तर मेल, ब्राउझर, तिकिटं, थोडंफार टायपिंग, फोनमधले फोटो उतरवून ठेवणं आणि रात्री एखादा व्हिडिओ. गेम नाही, एडिटिंग नाही. बजेट कमी आहे, म्हणजे खरंच कमी.

माझं मत असं झालंय की 11 इंची, 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेजवाला नवा कोरा घ्यावा. किलोभर वजन, पंखा नाही म्हणून आवाज नाही, बॅटरी नवी, वॉरंटी आहे. नुसत्या नेटसाठी यापेक्षा जास्त पैसे घालणं मला पटत नाही. ज्यांना हे चुकीचं वाटतं त्यांनी कारणासकट सांगा, नुसतं 'घेऊ नका' नको.

पेचकस

कारणासकट सांगतो. विंडोज 11 ची किमान अटच 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज अशी आहे. म्हणजे तुम्ही ज्याच्याखाली विंडोज चालतच नाही तेवढंच विकत घेताय, पहिल्या दिवसापासून हात आखडलेले. 64 जीबी लिहिलेलं असतं ते विंडोजमध्ये 58 च्या आसपास दिसतं, त्यातला मोठा वाटा विंडोज आणि रिकव्हरी खाते, मग मोठा अपडेट आला की 'जागा नाही'. आणि हे स्टोरेज एसएसडी (वेगळी, वेगवान डिस्क) नसतं, ईएमएमसी (मोबाइलसारखी स्वस्त मेमरी चिप) असतं, मदरबोर्डावर सोल्डर केलेलं, काढून मोठं घालता येत नाही. वेगही बघा, ईएमएमसीची कागदावरची मर्यादा सेकंदाला 400 एमबी, साधी, जुन्या साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या घरात आणि नव्या एनव्हीएमई जोडणीची त्याच्या कितीतरी पट. पण कागदापेक्षा जास्त त्रास वेगळाच आहे, बारीक बारीक फायली सारख्या लिहायच्या-वाचायच्या असतात तिथे ईएमएमसी दमतं, आणि 4 जीबी रॅम भरली की विंडोज तिथेच लिहायला लागतं. म्हणजे दोन कमकुवत गोष्टी एकमेकींवर टेकलेल्या. चार-पाच टॅब उघडले, एकात मेल, एकात नकाशा, एकात व्हिडिओ, की माउस अडखळायला लागतो.

'फक्त नेट' म्हणजे हलकं काम हा समजच सोडा. आजकाल ब्राउझर हीच मशीनवरची सगळ्यात जड गोष्ट आहे. प्रत्येक साइट म्हणजे एक आख्खा प्रोग्राम झालाय.

त्यापेक्षा मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले 12 साडेबारा इंची बिझनेस लॅपटॉप बघा, थिंकपॅडची एक्स मालिका, डेल लॅटिट्यूड 7000 मालिकेतले छोटे, एचपी एलिटबुक. कीबोर्ड उत्तम, सांगाडा दणकट, 8 जीबी रॅम, खरी एसएसडी.

उनाड वारा

पेचकस, तुमची आकडेवारी बरोबर पण निष्कर्ष मला मान्य नाही. तुम्ही लॅपटॉप बघताय, प्रवास बघत नाही. प्रवासातलं मशीन पडतं, चेपतं, भिजतं, बाकाखाली राहून जातं. जी वस्तू हरवली तर झोप उडेल ती बरोबर न्यायचीच कशाला? मला तर स्वस्त असणं हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. बिनधास्त टेबलावर ठेवून चहा आणायला उठता आलं पाहिजे.

आणि 4 जीबीत विंडोज रडतं म्हणून मशीनला नावं कशाला ठेवायची? विंडोज काढा, त्याऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम घाला, तिच्यातल्या हलक्या म्हणजे लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू टाका. ब्राउझरला जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन लावा, निम्मं ओझं तिथेच उतरतं. 2007 साली आसुसचा ई पीसी 701 आला तेव्हा त्यात 512 एमबी रॅम आणि 4 जीबी स्टोरेज होतं, 7 इंची स्क्रीन, वजन एक किलोच्याही आत, आणि लिनक्सवरच यायचा. लोक त्यावर मेल करत होते, वाचत होते, लिहीत होते. ती कल्पनाच बरोबर होती: छोटं, साधं, पुरेसं.

तिसरा डबा

उनाड वारा, ई पीसी मलाही आवडायचा, पण तो दाखला इथे उलटा पडतो. त्याची स्क्रीन 800 बाय 480 होती, तेव्हासुद्धा पानं आडवी सरकवून वाचावी लागायची. आणि तो मरला का ते बघा ना. 2008 पासून इंटेलच्या स्वस्त ॲटम प्रोसेसरवाल्या नेटबुकांचा, म्हणजे असल्या छोट्या लॅपटॉपांचा, पूर आला, सगळ्यांनी त्यात विंडोज कोंबलं, यूट्यूबचा मोठा व्हिडिओ लावला की धापा टाकायचे, कीबोर्ड एवढासा की मोठ्या हाताच्या माणसाला दोन ओळी नीट टाइप होईनात. 2010 ला आयपॅड आला आणि दोन-तीन वर्षांत दुकानच बंद. छोटेपणा लोकांना हवाच होता, रखडणं नको होतं. आज 4 जीबी-64 जीबीवाले विकतात ते त्याच रांगेतले आहेत.

लिनक्सचं म्हणाल तर मी स्वतः वापरतो, पण ज्याने कधी टाकलं नाही त्याला प्रवासाच्या आदल्या आठवड्यात हा सल्ला देऊ नका. अशा स्वस्त मशीनमध्ये वाय-फायची चिप कुठली असेल, टचपॅड चालेल का, झाकण मिटल्यावर झोपून परत उठेल का, हे आधी लाइव्ह पेनड्राइव्हवर, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून, तपासावं लागतं. आणि जुनी ॲटम मशीनं हाताला लागली तर त्यातल्या बऱ्याच जणांत प्रोसेसर 64 बिटचा आणि मशीन बूट करणारं आतलं सॉफ्टवेअर (यूईएफआय) मात्र 32 बिटचं असा घोळ असतो, नेहमीची पेनड्राइव्ह त्यावर बूटच होत नाही.

मंद आच

पेचकसना एक प्रश्न. वापरलेले बिझनेस लॅपटॉप चांगले असतात हे ऐकून ऐकून लोक घेतात, पण बॅटरीचं कोणी बोलत नाही. लिथियम बॅटरी साधारण 300 ते 500 चार्ज सायकलनंतर उतरणीला लागते. चार-पाच वर्षं ऑफिसात कायम चार्जरला लावून ठेवलेल्या मशीनची बॅटरी काय उरली असणार? मग बॅटरी बदला, तर बाजारात मिळणारी 'कंपॅटिबल' बॅटरी कशी निघेल सांगता येत नाही. प्रवासात बॅटरीच नाही तर कीबोर्ड कितीही छान असून उपयोग काय.

दुसरं, विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 अधिकृतपणे इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, मोजके अपवाद सोडले तर. तुम्ही सांगताय त्या जातीतले स्वस्तात मिळणारे बरेचसे सहाव्या-सातव्या पिढीचे असतात. म्हणजे इथेही लिनक्स आलंच की. शिवाय त्यातल्या कितीतरी जणांची स्क्रीन 1366 बाय 768 आणि टीएन पॅनेल, जरा तिरकं बघितलं की रंग उलटे. खिडकीशेजारी उन्हात तर काहीच दिसत नाही.

पेचकस

मंद आच, मुद्दे रास्त आहेत आणि म्हणूनच मी 'कुठलाही जुना' असं म्हटलेलं नाही. आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका, यात वाद नाही. बॅटरीचं म्हणाल तर ते तपासता येतं, अंदाजाने घ्यायची गरजच नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट ही कमांड दिली की एक पान तयार होतं, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारीशेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या 80 टक्क्यांखाली असेल तर एकतर भाव पाडून नव्या बॅटरीची सोय करा नाहीतर उठून चालू लागा.

अजून दोन गोष्टी, याकडे फारच थोडे लोक बघतात. एक, बायोसला (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जना) पासवर्ड आहे का ते चालू करून बघा. दोन, विकणाऱ्यासमोरच विंडोज रीसेट करून नेट जोडा. कंपनीच्या यादीतून मशीन काढलेलं नसेल तर सेटअपच्या वेळी त्या कंपनीचा लॉगइन मागतं आणि तुम्ही अडकता. रॅमसुद्धा बघा, थिंकपॅड एक्स 270 मध्ये रॅमचा स्लॉट आहे आणि मागची बॅटरी हाताने निघते, पण तो सातव्या पिढीपर्यंतचा. एक्स 280 आठव्या पिढीचा मिळतो आणि हलकाही आहे, पण रॅम सोल्डर केलेली, म्हणून तो 8 जीबीचाच घ्यायचा, 4 जीबीचा मिळाला तर सोडून द्यायचा.

सावकाश

सगळे विंडोज-लिनक्समध्येच फिरताय. पायवाट यांचं काम वाचलं तर ते सरळ क्रोमबुकचं, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपचं, काम आहे. 4 जीबीतसुद्धा विंडोजपेक्षा बरं चालतं, झाकण उघडलं की चालू, अँटीव्हायरसची कटकट नाही, आणि हरवलं तर नव्या मशीनवर लॉगइन केलं की बरंचसं जसंच्या तसं परत. अपडेटचं पूर्वी दुखणं होतं, पण 2023 मध्ये गूगलने 2021 पासून बाजारात आलेल्या क्रोमबुकना 10 वर्षं अपडेट जाहीर केले. फक्त एक जपा, ही 10 वर्षं तुम्ही विकत घेतल्यापासून मोजत नाहीत, ते मॉडेल ज्या हार्डवेअर प्लॅटफॉर्मवर बनलंय तो बाजारात आल्यापासून मोजतात. जुना साठा स्वस्तात दिसला तर आधी त्याची अपडेट संपायची तारीख बघा, ती सेटिंग्जमध्ये लिहिलेली असते.

तिसरा डबा

क्रोमबुक नेट असताना छान, पण प्रवासात नेट जातं हीच तर मुख्य गोष्ट आहे. बोगदे, डोंगर, विमान. ऑफलाइन डॉक्युमेंट आधी आठवणीने चालू करून ठेवलेलं नसेल तर ऐनवेळी हात चोळत बसाल. हे ज्याला जमतं त्याच्यासाठी ठीक आहे.

आज्जीचा नातू

टॅबलेट आणि ब्लूटूथ कीबोर्ड कोणीच धरत नाहीये. बॅटरी दिवसभर, वजन अर्धा किलो, सिमवाला घेतला तर हॉटस्पॉटचीही गरज नाही.

पायवाट

नातू, घरचेही हेच म्हणतात. पण मला मांडीवर ठेवून टाइप करायचंय, तिथे टॅबलेटचा स्टँड घसरतो आणि कीबोर्ड धरला की वजन लॅपटॉपच्या जवळ जातंच. त्यात अर्ज भरणे, पीडीएफ जोडणे, दोन खिडक्या शेजारी ठेवून एकीतून दुसरीत आकडे भरणे, हे टॅबलेटवर करताना जीव मेटाकुटीला येतो. नको.

कोपऱ्यातला प्लग

चार्जिंगवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण प्रवासात खरं वजन तिथे वाढतं. यूएसबी सी पॉवर डिलिव्हरीवर (पीडी) चार्ज होणाराच लॅपटॉप घ्या, नवा असो की जुना. मग 45 किंवा 65 वॉटचा एकच छोटा चार्जर लॅपटॉपला आणि फोनला दोन्हीला चालतो, आणि विसरलात तर कोणाचाही मागून घेता येतो. गोल पिनचा चार्जर विसरलात तर संपलं. स्वस्त मॉडेलमध्ये टाइप सी पोर्ट दिसतो पण कधीकधी तो फक्त डेटाचा असतो, त्यावर मशीन चार्ज होत नाही, हे विचारूनच घ्या, शक्यतो समोर लावून बघा.

पॉवर बँक न्यायची असेल तर तीही पीडीवाली. विमानात सर्वसाधारण मर्यादा 100 वॉट-अवर आहे आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही. 20000 एमएएचची पॉवर बँक 3.7 व्होल्टने 74 वॉट-अवर होते, म्हणजे मर्यादेत बसते, आणि छोट्या लॅपटॉपची बॅटरी चाळीसेक वॉट-अवरची असते, तेव्हा वाया जाणारं धरूनसुद्धा एकदा पूर्ण चार्ज नक्की होतो.

उनाड वारा

प्लग यांना +१. आणि यावरूनच परत नव्याच्या बाजूने बोलतो. तुम्ही सगळे नवं स्वस्त मशीन म्हणजे इंटेलचा सेलेरॉन एन 4020 प्रोसेसर असं धरून चाललाय, दोन कोअर, 2019 चा. ते मीही घेणार नाही. पण 2023 ला इंटेलचा एन 100 आला, चार कोअर आणि कागदावर फक्त 6 वॉट. तो 8 जीबी रॅमबरोबर छोट्या मशीनमध्ये मिळतो, काहींत बदलता येणारी एसएसडीसुद्धा असते. ब्राउझर, व्हिडिओ, टायपिंग याला तो पुरून उरतो, तापत नाही, बॅटरी पुरवतो, आणि बॅटरी दुसऱ्या कोणी पिळून ठेवलेली नसते. पेचकस म्हणतात ती सगळी तपासणी, रिपोर्ट काढा, बायोस बघा, रीसेट करून घ्या, हे सामान्य माणसाने कितीदा करायचं? त्याला दुकानातून उचलून गाडीत बसायचंय.

पेचकस

एन 100, 8 जीबी, खरी एसएसडी, सी पोर्टवर चार्जिंग, एवढं सगळं एकत्र मिळत असेल तर माझा विरोध नाही. माझं भांडण 4-64 शी आहे. पण अशा मशीनचा कीबोर्ड आधी दाबून बघा, मधे हात ठेवला की खाली दबतो का, बिजागरी किती सैल आहे. रोज उघडमीट करणाऱ्या माणसाचं मशीन सगळ्यात आधी बिजागरीत जातं, आणि त्या बाबतीत जुना बिझनेस लॅपटॉप अजूनही पुढे आहे असंच मी म्हणेन.

पायवाट

सगळे मुद्दे नीट वाचले. 4 जीबी रद्द, ईएमएमसी रद्द. एन 100 आणि 8 जीबीवर आलोय. वापरलेला घ्यायला मन अजून धजत नाही, पेचकस. एक शंका, काही मॉडेलवर 'विंडोज एस मोड' लिहिलंय, त्याचं काय?

मंद आच

एस मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलेच ॲप टाकता येतात. सेटिंग्जमधून फुकट बाहेर पडता येतं, पण परत आत जाता येत नाही. तुम्हाला दुसरा ब्राउझर किंवा स्टोअरबाहेरचं काही लागणार असेल तर घेतल्या घेतल्या बाहेर पडा.

आणि उनाड वारा, तुमच्या 'हरवलं तर हरवलं' यावर माझं अजिबात एकमत नाही. मशीन स्वस्त असेल, आतलं मेल, तिकिटं, ओळखपत्रांचे फोटो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड हे स्वस्त नसतात. पायवाट, कुठलंही घ्या, पण डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे ना ते पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये बघा, रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा लांबलचक आकडा) मशीनबाहेर दुसरीकडे जपून ठेवा, आणि लिनक्स टाकलंत तर इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करायची खूण विसरू नका, नंतर ते सगळं नव्याने करावं लागतं.

उनाड वारा

एन्क्रिप्शन मान्य, ते करायलाच हवं. पण ते केल्यावर तर माझंच म्हणणं उरतं, आतलं सुरक्षित असेल तर बाहेरचं डबडं जितकं स्वस्त तितकं बरं.