गुवाहाटीला बदली, सामान सिलिगुडीत अडवलंय. जादा पैसे द्यावेत का? मदत हवी आहे

सुईदोरा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडचण घेऊन आले आहे.

नवरा राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. मे महिन्यात बदलीची ऑर्डर आली, नाशिकहून थेट गुवाहाटी. मूलबाळ नाही, सासूबाई दिरांकडे सिन्नरला असतात, त्यामुळे दोघांनीही जायचं हे लगेच ठरलं. माझं घरूनच ब्लाउज शिवायचं काम आहे. मशीन जिथे, तिथे माझं दुकान, असा विचार केला.

सामान हलवणारा शोधला. नाव लिहीत नाही. ७८,००० रुपयांत बोलणी झाली, त्यात पॅकिंग, हमाली, टोल सगळं आलं. निम्मे पैसे आगाऊ दिले, उरलेले सामान दारात उतरल्यावर. पोरं आली, चार तासांत घर खोक्यांत बांधलं, टेम्पोत भरून घेऊन गेली. दहा-बारा दिवसांत पोचेल असं सांगितलं होतं. आता त्याच्या दुप्पट होत आले.

गेल्या आठवड्यापासून एका वेगळ्याच माणसाचे फोन येताहेत. तो म्हणतो, सामान सिलिगुडीच्या गोदामात उतरवलंय, दुसऱ्या गाडीत चढवायचंय, आसामचा एंट्री टॅक्स आणि चेकपोस्टचा खर्च मिळून आणखी ३२,००० भरा. नाही भरले तर रोजचं डेमरेज (माल गोदामात पडून राहिल्याचा आकार) लागेल. बुकिंग घेणारा नाशिकचा माणूस फोन उचलत नाही, उचललाच तर "सिलिगुडीवाल्यांशी बोला" म्हणतो.

इथे गुवाहाटीत बेलतला भागात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने घर घेतलंय. रिकाम्या घरात एक गादी, शेगडी आणि घरमालकीण बाईंनी दिलेल्या दोन खुर्च्या आहेत. त्याचं फार वाटत नाही. पण माझी मशीन, पिको-फॉलची मशीन आणि एक पत्र्याची ट्रंक त्या सामानात आहे. ट्रंकेत गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस आहेत, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली. दोन पैठणीचे आहेत. श्रावणात मंगळागौरी, त्याआधी शिवून कुरिअर करीन असा शब्द देऊन आले आहे. हे कापड पुन्हा विकत आणता येत नाही हो, साडीला जोडूनच आलेलं असतं ते.

नवरा म्हणतो, पैसे देऊन मोकळं होऊ, रोज शाखेत नवीन माणसं, नवीन काम, वर हे डोकं खाणारे फोन नकोत. मला वाटतं आज ३२ दिले तर उद्या आणखी मागतील. दोन दिवस आमच्यात याच्यावरूनच बोलाचाली चालल्या आहेत. दोघंही थकलोय, आणि इथे बोलायला तिसरं कोणी नाही.

तर, १) हा एंट्री टॅक्स खरा असतो का? २) पैसे न देता सामान सोडवायचा काही मार्ग आहे का? ३) आमची स्वतःची गाडी (नाशिकचा नंबर, एमएच-१५) अजून तिकडेच आहे, तिचं काय करावं? ४) बेलतलाचं भाडं जड जातंय. अनिल नगरला स्वस्तात घर मिळतंय, घ्यावं का?

---

हिशेबनीस

मी वाहतूक व्यवसायाचे हिशेब बघतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचं ठामपणे सांगतो. एंट्री टॅक्स १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच त्यात विलीन झाला. आसाम-बंगाल सीमेवर श्रीरामपूरचा नाका आहे (आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, कोकराझार जिल्ह्यातलं), तिथे वापरलेल्या घरगुती सामानावर भरायचा असा कुठलाही कर नाही. अशा सामानाला ई-वे बिलही (माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा कागद) लागत नाही, नियमांतच तशी सूट आहे. टोल गाडीवाल्याने भरायचा, आणि तो तुमच्या ७८,००० मध्ये धरलेलाच आहे.

झालंय काय ते सांगतो. नाशिकहून गुवाहाटी अडीच हजार किलोमीटरच्या वर. एका घरच्या सामानासाठी पूर्ण ट्रक कोणी पाठवत नाही. बुकिंग घेणारा बहुतेक वेळा दलाल असतो. तो सामान दुसऱ्याच्या गाडीत शेअरिंगमध्ये टाकतो, आणि ती गाडी सिलिगुडीपर्यंतचीच असते. पुढच्या गाडीचे पैसे दलालाने पोचवले नाहीत की सामान गोदामात पडून राहतं आणि गोदामवाला थेट गिऱ्हाइकाला फोन लावतो. म्हणजे भांडण त्या दोघांचं आणि वसुली तुमच्याकडून.

आज एवढं करा: त्यांच्याकडे बिल्टीची (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) प्रत मागा. तिच्यावर नंबर, गाडी क्रमांक, नगांची संख्या आणि ठरलेलं भाडं असतं. आणि गोदामात तुमच्या सामानाचा आजच्या तारखेचा व्हिडिओ मागा. सामान खरंच तिथे आहे हे कळल्याशिवाय एक रुपयाचंही बोलू नका.

---

जुना बँकर

ताई, तुमच्या यजमानांसाठी लिहितो. तीस वर्षं बँकेत काढली, पाच-सहा बदल्या केल्या. शिफ्टिंगचे पैसे बँक देते ते बिलावर, आणि बहुतेक बँका इंडियन बँक्स असोसिएशनने (आयबीए) मान्य केलेल्या ट्रान्सपोर्टरचंच बिल धरतात. हे ३२,००० कोणाच्या तरी खात्यावर टाकले तर त्याची पावती मिळणार नाही, म्हणजे ते पूर्ण खिशातून गेले. "आयबीए बिल देतो" असं सांगणारे पुष्कळ असतात. ती यादी असोसिएशनच्या संकेतस्थळावर आहे, त्यात नाव आहे का ते आधी बघा.

आणखी एक. त्यांना म्हणावं, शाखाप्रमुखांना सगळं मोकळेपणी सांगा. नवीन जागी घरचं रडगाणं कशाला, असं वाटतं, पण बदलीवर आलेल्या माणसाचं सामान अडकणं बँकेत सगळ्यांनी बघितलेलं असतं. सिलिगुडीत त्यांच्या बँकेची शाखा असणारच. तिथला एखादा सहकारी गोदामावर जाऊन उभा राहिला तरी पुष्कळ फरक पडतो.

गाडीचं: यजमान सरकारी बँकेत आहेत, म्हणजे बीएच (भारत) मालिकेचा नंबर घेता येतो. ही मालिका २०२१ मध्ये सुरू झाली, आणि आधीपासून राज्याचा नंबर असलेली गाडीही आता तिच्यात बदलता येते. कर दर दोन वर्षांनी भरायचा. पेट्रोल गाडी दहा लाखांच्या आतली असेल तर दर आठ टक्के, आणि त्याचा दोन वर्षांचा हिस्सा लागतो. पुढची बदली कुठेही झाली तरी पुन्हा नोंदणीची कटकट नाही. ते नको असेल तर नाशिक आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यायची, आधी दंडाची चलनं भरायची, गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची संमती जोडायची. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो.

---

कोर्टाची पायरी

वकील आहे, पण हा सल्ला एका वाचकाचा म्हणून घ्या.

ठरलेल्या भाड्याची उरलेली रक्कम देणं हे तुमचं कर्तव्य आहे. ते तुम्ही नाकारत नाही, हे लेखी दिसू द्या. दलाल आणि गोदामवाला दोघांनाही ईमेल आणि व्हॉट्सॲपवर सारखाच मजकूर पाठवा: "ठरल्याप्रमाणे ३९,००० रुपये सामान दारात उतरताच देण्यास तयार आहोत. जादा मागणी मान्य नाही. अमुक तारखेपर्यंत सामान पोचलं नाही तर ग्राहक आयोगात आणि पोलिसांत तक्रार करू." फोनवर वाद घालू नका. फोन आला तर "लेखी पाठवा" एवढंच.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती फुकट आहे, आणि तक्रारीचा क्रमांक वरच्या मजकुरात घालता येतो.

पोलिसांचं म्हणाल तर वाहतूकदाराने विश्वासाने सोपवलेला माल गिळंकृत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली गुन्हा आहे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर) नोंदवता येतो. अर्थात ठाण्यात "हे दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकायची तयारी ठेवा आणि पैसे दिल्याचे पुरावे हातात ठेवा.

ग्राहक आयोगासाठी नाशिकला जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे गुवाहाटीत. तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मशीन व्यवसायाची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा म्हणेल, तर घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः केलेल्या कामाला कायदा व्यापारी हेतू मानत नाही.

काही हरवलं किंवा मोडलं तर वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत गेलीच पाहिजे. ही मुदत चुकली की दावा बुडतो.

---

बेलतलावासी

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर इथेच. तुमच्या चौथ्या प्रश्नाला माझं उत्तर एकच: अनिल नगर नको. नवीन नगर, रुक्मिणीगाव, झू रोडचा खालचा भागही पावसाळ्यात नको. गुवाहाटी टेकड्यांच्या कुशीत वाटीसारखी बसली आहे. पाऊस झाला की टेकड्यांवरचं पाणी लाल माती घेऊन खाली येतं आणि भरलू नदीतून ब्रह्मपुत्रेला जायला बघतं. पण ब्रह्मपुत्राच भरलेली असली तर भरलूमुखचा (भरलू ब्रह्मपुत्रेला मिळते तिथला) पाण्याचा दरवाजा बंद करावा लागतो, मग पाणी पंपाने उपसायचं. तोवर ते तुमच्या दारात. स्वस्त घर का स्वस्त आहे हे ऑगस्टमध्ये कळण्यापेक्षा आत्ता शेजारच्यांना विचारा, आणि कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे ते डोळ्यांनी बघा. तुमचा दुसरा मजला बेलतलाला आहे ना, राहू दे. भाड्याचं घासाघीस करून बघा, तुम्हाला खुर्च्या देणाऱ्या बाई ऐकतील.

बोअरच्या पाण्यात इथे लोह फार. बादलीत रात्रभर पाणी ठेवलं तर सकाळी तांबूस साका बसतो. पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात, म्हणून पैठणीचे तुकडे पाण्याजवळ ठेवू नका आणि वाफेच्या इस्त्रीत ते पाणी घालू नका. सामान आलं की सगळ्यांत आधी ट्रंक उघडून कापड पंख्याखाली पसरा. दमट हवेत जरीला वास धरतो. मशीनला तेल घाला, शटल काढून पुसा.

आणि कामाची काळजी करू नका. इथल्या बायका मेखेला-चादर (दोन तुकड्यांचा साडीसारखा आसामी पोशाख) नेसतात, तिच्यावरचा ब्लाउज चांगला शिवणारी बाई मिळाली की सोडत नाहीत. सुआलकुची इथून तासा-दीड तासावर, घरोघरी पाट आणि मुगा रेशमाचे माग. गुरुवारी आणि रविवारी बेलतलाचा बाजार भरतो, या गुरुवारी भेटायचं का? निरोपात नंबर पाठवते. तोवर शिवायला लागलंच तर माझी मशीन आहे.

---

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते, पुढच्या कोणाला उपयोग होईल.

कोर्टाची पायरी यांनी दिलेला मजकूर जसाच्या तसा दोघांना पाठवला, १९१५ चा तक्रार क्रमांक घालून. बिल्टी मागितली तर आधी दोन दिवस काहीच नाही. मग आली ती अर्धवट, भाड्याचा रकाना कोरा. नवऱ्याने शाखाप्रमुखांना सांगितलं. त्यांनी सिलिगुडीच्या शाखेत फोन केला, आणि तिथले एक साहेब दुपारच्या सुट्टीत गोदामात जाऊन आले. त्यांनी व्हिडिओ काढून पाठवला. खोक्यांच्या मागे ट्रंकेची निळी कड दिसली तेव्हा मला रडू आवरेना. नवरा शेजारीच बसला होता, तोही काही बोलला नाही, नुसता व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत राहिला.

त्यानंतर ३२ चे १५ झाले. आम्ही पुन्हा लेखीच नाही म्हटलं. आता नवऱ्याचंही तेच मत होतं, आणि मला त्याचा मोठा आधार वाटला. चार दिवसांनी गाडी आली, भर पावसात, रात्री. उतरवून घेताना बिल्टीवर सही करायच्या आधी प्रत्येक नग यादीशी ताडला. फ्रिजला पोचा, एक खोकं भिजलेलं, मिक्सरचं भांडं नाही. हे सगळं त्यांच्या प्रतीवर लिहून मग सही केली आणि ठरलेले ३९,००० बुकिंगवाल्याच्या खात्यावर पाठवले. गाडीवाला थोडा आवाज चढवून बोलला. खालून घरमालकीण आणि त्यांचे दोन मुलगे येऊन उभे राहिले, मग गप्प झाला.

ट्रंकेत पाणी शिरलेलं नाही. मशीनच्या चाकाला गंज आहे, पण चालते. बेलतलावासी ताईंना गुरुवारच्या बाजारात भेटले, त्यांच्याकडे बसून त्यांचे दोन ब्लाउज सामान यायच्या आधीच बेतले होते. अनिल नगरचा विचार सोडला. घरमालकिणीने भाड्यात थोडी सूट दिली.

आता राहिलेलं विचारते. बुकिंगच्या वेळी "विमा" म्हणून वेगळे पैसे घेतले होते, पावतीवर तसं लिहिलंय, पण पॉलिसी क्रमांक कुठेच नाही. फ्रिज आणि मिक्सरची नोटीस वाहतूकदाराला पाठवतेच आहे. विम्याच्या पैशांची मागणी त्याच नोटिशीत घालावी की वेगळी करावी? आणि बीएच नंबरसाठी नाशिकची गाडी आधी इथे आणावी लागते, की तिकडेच अर्ज करून मग आणलेली बरी? कोणी नुकतंच केलं असेल तर कृपया लिहा, गाडी सध्या दिरांच्या अंगणात झाकून ठेवली आहे.